'सायबर-शस्त्र' की 'सायबर-अस्त्र'?

हिंजवडीच्या एका वाचकाने विचारले आहे: सायबर वेपनला मराठीत शस्त्र म्हणावे की अस्त्र? आणि फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरलाही तोच शब्द चालेल का?

अस्त्रच म्हणावे. शस्त्र 'शस्', म्हणजे कापणे, या धातूवरून आले. ते हातात राहते. अस्त्र 'अस्', म्हणजे फेकणे, यावरून; सुटले की हातचे गेले. खंडेनवमीला पुजतो ती शस्त्रे, पण अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र. हा भेद आपण आजही पाळतो.

२०१० साली उघडकीस आलेले स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर बघा. पेनड्राइव्हमधून आणि आतल्या नेटवर्कवरून, विंडोजची चार अज्ञात छिद्रे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, वापरत ते पसरले. लक्ष्य एकच: इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी वेगाने फिरणारी यंत्रे. सीमेन्सचा ठरावीक नियंत्रक आणि ठरावीक जोडणी सापडली, तरच ते जागे होई. मग ही यंत्रे मोडावीत म्हणून वेग ठरवणारी मोटरची वारंवारता १४१० हर्ट्झपर्यंत चढवायची, पुढे केव्हातरी २ हर्ट्झवर आणायची. नियंत्रकातला बदललेला कोड अभियंत्याला दिसू नये, हीही तजवीज होती. तरीही ते लक्ष्याबाहेर निसटले आणि भारतातल्या संगणकांपर्यंत पोचले.

अस्त्राबरोबर आणखी एक नेमका शब्द येतो: उपसंहार, म्हणजे सोडलेले अस्त्र मागे घेणे. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येत होते, आवरता येत नव्हते. स्टक्सनेटमध्ये २४ जून २०१२ नंतर पसरणे थांबवण्याची तारीख आधीच लिहिलेली होती, हा उपसंहारच. नॉटपेट्या या दुसऱ्या सायबर-अस्त्रात तो नव्हता. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटले आणि पुण्याचा निर्यातमाल जिथून जातो त्या न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनल त्याने ठप्प केले.

छिद्र म्हणजे अस्त्र नव्हे, हेही सांभाळावे. छिद्र ही सॉफ्टवेअरमधली चूक. निर्मात्याला ती कळण्याआधीच वापरली गेली, दुरुस्तीला एकही दिवस मिळाला नाही, तर ती झीरो-डे. हा शब्द रुळला आहे, तसाच ठेवावा.

पेगॅससला मात्र अस्त्र म्हणू नये. ते काही मोडत नाही, आत दडून राहते. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपच्या छिद्रातून ते शिरले तेव्हा आलेला कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. 'पाळत' इथे अपुरा पडतो, कारण पाळत बाहेरून ठेवतात. इथे आपलाच माइक, आपलाच कॅमेरा शत्रूला मिळतो. किल्ल्यातला माणूस शत्रूला मिळाला, तर आपण काय म्हणतो? फितूर. 'फोन फितूर झाला' हे वाक्य कुणालाही समजते. नाम हवे तर 'हेर-सॉफ्टवेअर' लिहावे.

लेखनाबद्दल: ब्रह्मास्त्राच्या धर्तीवर 'सायबरास्त्र' करता येते, पण परक्या शब्दाशी केलेला संधी वाचताना अडतो. संयोगचिन्ह द्यावे: सायबर-अस्त्र, सायबर-अस्त्रे, सायबर-अस्त्राने.