वार्षिकांक तपासायला बसताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शालेय वार्षिकांकांच्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून तुझी निवड झाल्याचे वाचून आनंद झाला. अंकांचा गठ्ठा समोर आला की हात आपोआप गुळगुळीत मुखपृष्ठाकडे जातो; माझाही जात असे. म्हणून मी पुढे पुढे अंक उघडताच पेन्सिल घेऊन पाने मोजू लागलो. शुभेच्छा संदेश, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि अहवाल यांनी किती पाने घेतली आणि मुलांच्या वाट्याला किती उरली, हे आधी पाहावे. 64 पानांच्या अंकात मुलांचे लेखन विसाव्या पानावर सुरू होत असेल, तर तो कोणासाठी काढला आहे हे संपादकीय न वाचताही कळते. जाहिरातींवर मात्र रागावू नकोस. अनेक शाळांचा छपाईचा खर्च त्यांतूनच निघतो.

सर्वाधिक वेळ दे तो लेखन मुलाचे स्वतःचे आहे की नाही हे ओळखण्याला. पावसाळ्यावरच्या लेखात धरतीने हिरवा शालू नेसला की तो शालू निबंधाच्या पुस्तकातला आहे असे खुशाल समज. पण वर्गाचे छप्पर गळू लागल्यावर बाक कोणत्या कोपऱ्यात सरकवले आणि त्यावरून कोणाचे भांडण झाले, हे लिहिणारा मुलगा वाक्यरचनेत अडखळला तरी त्याला गुण द्यावेत. शंका आल्यास लेखातले एखादे वाक्य जसेच्या तसे इंटरनेटवर शोधून पाहावे. अहिराणीतले किंवा मालवणीतले आजीचे बोलणे संपादक शिक्षकांनी प्रमाणभाषेत धुऊन काढले आहे का, तेही पाहा. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मुभा आहे. निवेदनातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ही वेगळी बाब असून, त्या मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी चुका सुधारण्याचे काम, झाले नसल्याची खूण आहेत आणि त्यांचे गुण मोठ्यांच्या खात्यातून कापावेत.

मांडणी तपासताना आपल्या लिपीचा विचार हवा. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत पुरेशी जागा नसेल, तर एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात, तेव्हा ‘वाऱ्यावर’, ‘राष्ट्र’ असे शब्द मुद्दाम न्याहाळावेत. कवितेमागे सूर्यास्ताचे रंगीत छायाचित्र घालण्याची खोड कोणी लावली ठाऊक नाही, पण त्यामुळे कविता वाचताच येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली छायाचित्रे छपाईत धूसर उमटतात. त्यांच्याऐवजी मुलांनी शाईने काढलेली रेखाचित्रे कितीतरी स्वच्छ उठतात. मधोमध पिना मारलेल्या अंकाची पाने 4 च्या पटीत असावी लागतात, त्यामुळे उरलेली जागा सुविचारांनी भरण्याचा मोह होतो. तेवढ्यासाठी फार गुण कापू नकोस.

गठ्ठ्यात एखादे हस्तलिखित, म्हणजे छापण्याऐवजी हाताने लिहिलेला अंक, आले, तर त्याची तुलना आर्ट पेपरवरच्या रंगीत अंकाशी करू नये. आयोजकांकडे त्यासाठी आधीच वेगळा विभाग मागून घे. शेरा लिहिताना प्रत्येक अंकातल्या एका तरी मुलाच्या लेखाचा पान क्रमांकासह नेमका उल्लेख कर, कारण ‘अंक सुंदर आहे’ या शेऱ्याचा विद्यार्थी संपादकांना पुढच्या वर्षी काहीही उपयोग होत नाही. असे हस्तलिखित आलेच, तर निकाल लागल्यावर ते मला पाहायला नक्की आण.

तुझे सर