हळदीचे फोटो राखाडी का आले? लॅबला फाइल देण्याआधीची तयारी

बहिणीच्या लग्नाचे १२० फोटो तुम्ही जवळच्या लॅबमधून ४ बाय ६ मध्ये काढून आणले. हळदीच्या फोटोंत चेहरे राखाडी-निळसर आले, मंडपातले फोटो काळपट आले आणि कितीतरी फोटोंत मुंडावळ्या किंवा पाय कापले गेले. मोबाइलवर तर सगळं सुंदर दिसत होतं, मग लॅब बदलू का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, एवढ्यात बदलू नका. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्हींवरचा इलाज बराचसा तुमच्याच हातात आहे.

हळदीपासून सुरू करतो. लॅबचं मशीन प्रत्येक फोटो छापण्याआधी आपणहून सुधारायला बघतं. ही पद्धत फिल्मच्या काळापासून चालत आली आहे. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४० च्या दशकात एक गृहीतक मांडलं: साधारण कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र केले, तर सरासरी राखाडीच्या आसपास येते. फोटोची सरासरी पिवळी निघाली की मशीनला वाटतं प्रकाशच पिवळा होता, आणि ते निळं वाढवून पिवळेपणा मारतं. बल्बच्या उजेडातला घरगुती फोटो यामुळे खरंच सुधारतो. पण हळदीच्या फोटोत अंगावर हळद, साडी पिवळी, मागे झेंडूच्या माळा. तिथे पिवळा रंग हाच तर प्रसंग असतो, आणि मशीन नेमका तोच पुसायला जातं. पांढरे सदरे निळसर होतात, चेहऱ्यावरची हळद राखेसारखी दिसते.

उजेडाच्या बाबतीतही तेच. पांढरा मंडप, पांढरे फेटे, मागे भर दुपारचं ऊन असेल तर मशीन ठरवतं की फोटो जास्तच उजळ आहे, आणि सगळाच गडद करतं. उलट रात्रीच्या रिसेप्शनला मागे काळोख असला की फोटो उजळवतं आणि चेहरे फटफटीत पडतात.

म्हणून ऑर्डर देताना स्पष्ट सांगा, "ऑटो करेक्शन बंद ठेवा," आणि पाकिटावरही लिहून घ्या. एक अट मात्र आहे: हे सांगायचं ते फोटो तुम्ही स्वतः नीट करून दिले असतील तरच. कॅमेऱ्यातून काढले तसेच कार्ड नेऊन देणार असाल, तर करेक्शन चालू राहिलेलं बरं. ऑपरेटरसमोर सायन (निळसर-हिरवा), मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), यलो आणि डेन्सिटी (एकूण गडदपणा) अशा चार बटणांचा खेळ असतो. जुना जाणता ऑपरेटर नजरेनं हळदीचा फोटो ओळखतो आणि तिथे मशीनचं ऐकत नाही. असा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता काळपटपणाचं दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण: तुमची स्क्रीन. आईच्या पंचाहत्तरीला मी तिचा पैठणीतला फोटो ८ बाय १२ मध्ये काढायला दिला होता. प्रिंट काळी आली. मी फोटो उजळवून पुन्हा दिला, तेव्हा पैठणीचा काठ ठीक झाला पण चेहरा पांढुरका पडला. तिसऱ्या वेळी लॅबवाल्यानं शांतपणे विचारलं, "मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवता?" मी तो पूर्ण ठेवत होतो. कागद स्वतः उजळत नाही, समोरून पडलेला उजेड परत पाठवतो. फोनची पूर्ण उजळलेली स्क्रीन हा तर दिवाच. छपाईसाठी काम करणारे मॉनिटरची चमक साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी ठेवतात. दुकानातून आणलेला मॉनिटर बहुतेकदा त्याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो.

स्पायडर किंवा कॅलिब्राइटसारखं कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र असेल तर उत्तम. ६५०० केल्विन (पांढऱ्या रंगाची छटा) आणि गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड) ठेवून मॉनिटर लावून घ्या. नसेल तर मी करतो तसं करा. तुमच्याच फोटोंतले सहा निवडा: सावलीतला साधा चेहरा, पांढरे सुती कपडे, काळा कोट किंवा मोकळे केस, लाल साडी, हळदीचा एक, हिरव्या झाडीतला एक. ते करेक्शन बंद ठेवून ४ बाय ६ मध्ये काढून आणा. दिवसा खिडकीशी बसा, थेट ऊन नको, ट्यूबलाइटही नको. फोनचा नाइट मोड आणि लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करा. मग प्रिंट स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणा. फोटोला हात लावू नका, फक्त स्क्रीन हलवा. जुळल्यावर तो आकडा लिहून ठेवा आणि छपाईसाठीचं सगळं काम त्याच आकड्यावर करा. या सहा प्रिंट जपून ठेवा. लॅब बदलली किंवा कागद बदलला, तर त्याच सहा फाइल पुन्हा काढून बघता येतात. मला या एका सवयीनं जेवढं दिलं, तेवढं कुठल्याच सॉफ्टवेअरनं दिलेलं नाही.

रंगांबद्दल आणखी. फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपट्ट्यातच द्या. कॅमेरा अडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगपट्ट्यावर ठेवला असेल आणि लॅबच्या मशीननं प्रोफाइल (फाइलमधली रंगपट्ट्याची नोंद) न बघता फाइल वाचली, तर रंग विटलेले येतात. आयफोन ७ पासून आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्ट्यात असतात, तेही बदलून घ्या. फोटोशॉपमध्ये यासाठी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरायचं. 'असाइन प्रोफाइल' दाबलंत तर आकडे तेच राहून रंगच बदलतील. आणि छपाई म्हटलं की सीएमवायके (छापखान्यातली चार शाईंची पद्धत), असं ऐकून कुणी फाइल तशी करून देतात, ते करू नका. फोटो लॅबचं मशीन आरजीबीच मागतं.

लाल आणि राणी रंगाच्या साड्यांची अडचण थोडी वेगळी. एवढा गडद लाल असला की लाल चॅनल, म्हणजे फाइलमधला लाल रंगाचा आकडा, वरच्या टोकाला जाऊन थांबतो. मग साडीवरची वीण, चुण्या, बुट्ट्या सगळं हरवून एक सपाट लाल पट्टा उरतो. हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) फक्त लाल चॅनल बघा. तो उजव्या भिंतीला चिकटला असेल तर लाल रंगाचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं उतरवा. स्क्रीनवर साडी किंचित फिकी वाटेल, कागदावर मात्र जरीकाम आणि वीण परत दिसायला लागेल. फ्लुरोसंट गुलाबी आणि मोरपंखी हे रंग कागदावर पूर्ण उतरत नाहीत, तिथे थोडी तडजोड धरूनच चला.

कापलेल्या मुंडावळ्या हा निव्वळ गणिताचा भाग. ४ बाय ६ चं प्रमाण २:३ आहे, कॅमेऱ्याचंही बहुधा तेच. पण मोबाइलचा फोटो ३:४ असतो. तो ६ इंच लांबीत बसवला तर उंची साडेचार इंच होते, आणि कागद चारच इंचांचा. म्हणजे अर्धा इंच, जवळपास ११ टक्के फोटो कापावाच लागतो. तो कुठून कापायचा हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर मशीन दोन्हीकडून सारखा कापतं. आडव्या ग्रुप फोटोत मग वर मुंडावळ्या जातात, खाली पाय. कॅमेऱ्याचा फोटो ८ बाय १० मध्ये दिला तर १२ इंचांतले २ इंच जातात. म्हणून ज्या मापाची प्रिंट हवी, त्याच प्रमाणात आधी स्वतः क्रॉप करा. चारही कडांना दोन-तीन मिलिमीटर रिकामी जागाही सोडा, कारण बॉर्डर नसलेल्या प्रिंटमध्ये तेवढं कापलं जातंच.

पिक्सेलचा हिशेब ३०० प्रति इंच धरा. ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. १२ बाय १८ ला तीच २४०० बाय ३६०० ची फाइल २०० प्रति इंच देते, आणि भिंतीवर लावायला तेवढं पुरतं. फाइलमधला 'प्रति इंच' पिक्सेलचा ७२ हा आकडा नुसता ३०० करून काहीही होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण या एका आकड्यावरून लोक काउंटरवर तास तास वाद घालताना मी पाहिले आहेत.

तुम्ही लिहिलंत की निम्मे फोटो चुलतभावानं व्हॉट्सअॅपवर पाठवले. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वरून दाबून लहानही केला जातो. ४ बाय ६ ला तो कसाबसा चालतो, ८ बाय १२ ला चेहरे मेणासारखे दिसतात. त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. आयफोनची एचईआयसी फाइल असेल तर जेपीजी करून घ्या, क्वालिटी सर्वांत वरची ठेवून, आणि एकच फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. लॅबला देताना मापाप्रमाणे वेगळे फोल्डर करा आणि फोल्डरच्या नावातच किती प्रती हव्यात ते लिहा.

कागदाचं थोडक्यात: ग्लॉसीवर काळा रंग जास्त खोल दिसतो, पण बोटांचे ठसे उमटतात. मॅटवर काळा जरा उतरतो, पण अल्बम चाळणाऱ्या हातांना तो सोसतो. तुमच्या सहा टेस्ट प्रिंट ज्या कागदावर, त्याच कागदावर पूर्ण ऑर्डर द्या.

सगळे १२० पुन्हा काढायची गरज नाही. हळदीचे फोटो आधी घ्या, करेक्शन बंद ठेवून. ज्यांत मुंडावळ्या कापल्या गेल्या ते मोबाइलचे फोटो ६ बाय ८ मध्ये काढा. ते माप ३:४ चंच आहे, त्यामुळे कडेचा बारीकसा भाग सोडला तर वरून-खालून काहीच जाणार नाही.