मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली मुलाखत आणि नंतरचं काम

लहान कंपनीत पाच वर्षं काढल्यावर तुम्हाला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. तयारी कशी करायची आणि आत काम खरंच वेगळं असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी अशा कंपनीत बरीच वर्षं आहे, मुलाखतीही घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समोर बसलेला माणूस सहसा एकटा तुमचा निकाल लावत नाही. गूगलमध्ये सगळ्यांचे लेखी अभिप्राय हायरिंग कमिटीकडे, म्हणजे भरतीचा निर्णय घेणाऱ्या गटाकडे जातात, आणि ही कमिटी तुम्हाला न भेटता ते वाचून ठरवते. ॲमेझॉनमध्ये एक 'बार रेझर' असतो, म्हणजे निवडीची पातळी खाली येऊ नये हे पाहणारा मुलाखतकार. तो मुद्दाम टीमबाहेरचा घेतात, आणि टीमला माणसाची कितीही घाई असली तरी त्याचा नकार डावलता येत नाही. त्यामुळे तुमच्या डोक्यात काय चाललंय ते बोललात तरच कागदावर येतं.

मी एक प्रश्न बरेचदा विचारायचो: लॉग फाइलमध्ये (सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदींत) सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरचे पत्ते काढा. बरेच जण लगेच हॅशमॅप (प्रत्येक ॲड्रेससमोर त्याची मोजणी ठेवणारा तक्ता) लिहायला घेतात, आणि ते चूकही नाही. एकीने मात्र आधी विचारलं, "सगळे वेगवेगळे ॲड्रेस मेमरीत मावतील का?" नाही म्हटल्यावर तिने ॲड्रेसच्या हॅशवरून (ॲड्रेसपासून काढलेल्या ठरावीक आकड्यावरून) फाइलचे तुकडे पाडले, म्हणजे एक ॲड्रेस एकाच तुकड्यात येणार. मग प्रत्येक तुकड्यात वेगळी मोजणी आणि शेवटी दहा जागांचा मिन-हीप, म्हणजे सगळ्यात लहान आकडा वर ठेवणारी रचना; मोठा आकडा आला की तो लहान बाहेर जातो. कोडमध्ये दहापेक्षा कमी ॲड्रेस असतील तर काय, हे राहिलं होतं. मी काही बोलायच्या आत तिने तीन ओळींचा इनपुट हाताने चालवून ते स्वतःच पकडलं. माझ्या अभिप्रायात सगळ्यात ठळक हेच होतं.

कोड्यांची पुस्तकं पाठ करू नका. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील असले प्रश्न निव्वळ वेळेचा अपव्यय आहेत, हे गूगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगितलंय. त्यापेक्षा स्वतःच्या कामाचे चार-पाच किस्से नीट आठवून ठेवा. ॲमेझॉनमध्ये तर १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स (कंपनीने ठरवलेली कामाची तत्त्वं) धरून प्रश्न येतात. तिथे "आम्ही केलं" म्हणत राहिलात तर तुमचा वाटा कळत नाही. कोणता निर्णय तुमचा होता, कुणी विरोध केला, आकड्यांत काय फरक पडला, ते सांगा.

आता कामाबद्दल. नवा कोड लिहिण्यापेक्षा असलेला वाचण्यात जास्त वेळ जातो. गूगलच्या २०१६ च्या एका लेखात त्यांच्या एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) सुमारे २ अब्ज ओळी असल्याचं म्हटलंय. एवढ्या पसाऱ्यात कुणालाच सगळं ठाऊक नसतं. दहा ओळींचा बदल रिव्ह्यूत (सहकाऱ्यांच्या तपासणीत) दोन दिवस अडकू शकतो, कारण तुमच्या सर्व्हिसवर दुसऱ्या टीम विसंबून असतात. लहान कंपनीतून आलेल्यांना याचाच सगळ्यात जास्त वैताग येतो. पण माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. डिझाइन डॉक (काय आणि कसं बांधणार याचा लेखी आराखडा) लिहा, त्यावरच्या कॉमेंट मनाला लावून घेऊ नका, ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला की लगेच हजर व्हायची पाळी टाळू नका. सिस्टीम कुठे मोडते हे रात्री पेजर वाजल्यावर जितकं कळतं तितकं कुठल्याही डॉक्युमेंटेशनमधून कळत नाही. प्रमोशनही बऱ्याच ठिकाणी लेखी पुराव्यावरच ठरतं, म्हणून केलेल्या कामाची नोंद दर आठवड्याला ठेवत जा.

ऑफर आली की पगाराच्या आकड्याआधी लेव्हल (कंपनीतली पदाची पायरी) विचारा. पाच वर्षांच्या अनुभवाला एक लेव्हल खाली घेतलं जाणं सर्रास होतं, आणि रुजू झाल्यावर ती भरून काढायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. शेअर मिळणार असतील तर वेस्टिंग, म्हणजे कोणत्या वर्षी किती शेअर तुमच्या नावावर होतात ते, वर्षागणिक लिहून मागा. ॲमेझॉनने बरीच वर्षं ते ५, १५, ४०, ४० टक्के असं ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षाअखेर सोडणाऱ्याच्या हाती जेमतेम पाचवा हिस्सा यायचा.