वाचकांचे प्रश्न : रोमन ‘कॉलनी’ आणि तिचे काटकोन

प्रश्न : अल्जीरियातल्या तिमगादचा आकाशातून घेतलेला फोटो पाहिला. रस्ते आमच्या सेक्टरांपेक्षाही सरळ! एवढं शहर खरंच एकदम आखलं होतं? (वाशी)

उत्तर : हो. इ. स. १०० च्या सुमारास सम्राट ट्राजानच्या हुकमावरून तिसऱ्या ऑगस्टा लीजनच्या (रोमन सैन्याची मोठी तुकडी) सैनिकांनी ते उभारलं, मुख्यतः निवृत्त सैनिकांना वसवण्यासाठी. ‘कलोनिया’ या लॅटिन शब्दाच्या मुळाशी जमीन कसणं आहे. आपण ठाण्यात सहज ‘कॉलनी’ म्हणतो तो शब्द तिथूनच इंग्रजीमार्गे आला, आणि जर्मनीतल्या कोलोन शहराचं नावही तेच. मूळ तिमगाद मात्र लहानसं होतं. लांब बाजू सुमारे ३५५ मीटर, म्हणजे १२०० रोमन फूट (रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटर). या टोकापासून त्या टोकाला चालत पाच मिनिटं. घरांचे चौक सुमारे २० मीटर बाजूचे.

प्रश्न : दुर्बीण नसताना काटकोन कसे काढत? शाळेच्या मैदानावर मुलांकडून करून घेता येईल का? (ऐरोली)

उत्तर : त्यांचं उपकरण म्हणजे ‘ग्रोमा’. जमिनीत रोवलेली काठी, तिच्यावर आडवा क्रॉस आणि क्रॉसच्या चार टोकांना चार ओळंबे, म्हणजे दोरीला टांगलेली वजनं. समोरासमोरच्या दोन दोऱ्या एकमेकींमागे लपतील असं एका डोळ्याने पाहायचं आणि त्या रेषेत दूर खुंटी ठोकायला लावायची. मग दुसऱ्या जोडीने आडवी रेषा. पॉम्पेईच्या उत्खननात याचे धातूचे भाग सापडले आहेत.

मैदानासाठी छातीएवढा बांबू, मीटरभराच्या दोन पट्ट्या आणि गवंड्याकडचे एकसारखे चार ओळंबे पुरतात. पट्ट्या मध्यावर खिळ्याऐवजी बोल्टने जोडा, म्हणजे कोन सुधारता येईल. तो आधी जमिनीवर गुण्या लावून तपासून मगच बोल्ट आवळा. इथे आळस केला की पुढचं सगळं फुकट : एका अंशाची चूक ३० मीटरवर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त होते, आणि तिमगादच्या ३५५ मीटरवर सहा मीटरच्या वर. म्हणजे अख्खा रस्ताच सरकला. रेषा मारून झाल्यावर क्रॉस एक चतुर्थांश फिरवा आणि त्याच खुंट्या पुन्हा पाहा. कोन चुकीचा असेल तर एक तरी खुंटी दोरीबाहेर दिसतेच. शेवटची खात्री दोरीने : कोपऱ्यापासून एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, तिरकं अंतर बरोबर ५ यायला हवं. रेषा फक्कीने मारा.

खरा वैरी वारा. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या प्राचीन ग्रीक यंत्रतज्ज्ञाने ही तक्रार लिहून ठेवली आहे : ओळंबे लवकर स्थिर होत नाहीत. काहींनी वारा अडवायला ते पोकळ लाकडी नळ्यांत सोडले, तर वजन नळीला घासून दोरी तिरकी राहू लागली. तुम्ही नळीच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक ओळंबा पाण्याच्या बादलीत, पण तळाला आणि कडेला न टेकता, बुडू द्या. झोके चटकन थांबतात. आणि दुपारी खाडीवरून वारा सुटायच्या आत, सकाळीच काम उरका.

प्रश्न : आमच्याकडे आखीव सेक्टरांच्या मधोमध वाकड्या गल्ल्यांची गावठाणं आहेत. तिमगादमध्ये असं नव्हतं? (घणसोली)

उत्तर : होतं, पण उलट क्रमाने. आपल्याकडे गावं आधीची, सेक्टर नंतरचे. तिथे चौकोन आधी, वाकडेपणा नंतर. वस्ती वाढली तसे लोक तटाबाहेर जमेल तसे वसले आणि तिथले रस्ते वळणावळणाचे झाले. कॅपिटोल (शहराचं मुख्य मंदिर) आणि मोठी स्नानगृहंसुद्धा आत जागा नसल्याने बाहेर बांधावी लागली. पश्चिमेच्या जुन्या वेशीच्या जागी कमान उभी राहिली. तिला आज ‘ट्राजानची कमान’ म्हणतात खरी, पण ती ट्राजानच्या नंतरची आहे.