गॅरेजचं दार आणि वरची गार खोली

प्रश्न : आमच्या घराला लागून दोन गाड्यांचं गॅरेज आहे, त्यात हीटर नाही. बरोबर वर मुलीची अभ्यासाची खोली. हिवाळ्यात बाहेर पारा उणे २० सेल्सियसपर्यंत उतरतो आणि खोलीची जमीन इतकी गार पडते की ती पाय वर घेऊनच बसते. गॅरेजचं दार १६ फूट रुंद, ७ फूट उंच, साध्या एकेरी पत्र्याचं आहे. एक विक्रेता आर-८ चं दार सुचवतो, दुसरा म्हणतो आर-१६ शिवाय अर्थ नाही. कोणतं घ्यावं? की जुन्याच दाराला आतून थर्माकोल लावून भागेल?

उत्तर : तुमच्या मुलीचं ते पाय वर घेऊन बसणं वाचलं आणि पोटात कालवलं. गॅरेजवरच्या अशाच खोलीत मी नऊ हिवाळे काढलेत. आम्ही तेव्हा माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा बघून दार घेतलं. पहिल्याच कडाक्याच्या रात्री जमिनीवर पाय ठेवला, तर ती होती तशीच गार. रडू यायचं बाकी होतं. म्हणून आकड्याचंच आधी सांगते.

आर म्हणजे उष्णतेला होणारा विरोध. तो दुप्पट झाला की गळती निम्मी होते, पुन्हा दुप्पट केला की त्या निम्म्याची निम्मी. तुमचंच दार घेऊ. बाहेर उणे २० आणि गॅरेजात ५ अंश धरले, तर एकेरी पत्र्यातून साधारण १,५०० वॅट उष्णता निसटते. आर-८ ला हीच गळती १८५ वॅटवर येते, आर-१६ ला ९२ वर. म्हणजे पहिल्या पायरीला १,३०० वॅट वाचले आणि दुसरीला एका जुन्या पिवळ्या बल्बाइतके. हीटर नसल्यामुळे तुमचं गॅरेज ५ अंशांहून गारच असेल, पण तुलना तीच राहते. पुढेमागे गॅरेजात हीटर लावून काम करणार असाल तर आर-१६ घ्या. नाहीतर चांगलं बसवलेलं आर-८ पुरे, आणि उरलेले पैसे मी सांगते तिथे घाला.

छापलेला आकडा बहुतेकदा पॅनलच्या मधोमधचा असतो. सांधे, कडा, चौकट त्यात धरलेले नसतात, आणि थंडी तर तिथूनच येते. दाराखाली १६ फूट लांबीभर पाव इंच फट राहिली, तर ती भिंतीतल्या ६ बाय ८ इंचाच्या भोकाएवढी होते! आमच्याकडे एका कोपऱ्यात काँक्रीट खचलं होतं आणि रबर जमिनीला टेकतच नव्हतं. भर दुपारी दिवे घालवून आत उभी राहिले तेव्हा उजेडाची रेघ दिसली. तुम्हीही तसंच बघा. वाऱ्याच्या दिवशी कडेने उदबत्ती फिरवली तर धूर बरोबर जागा दाखवतो.

खालचं रबर ईपीडीएमचंच (हा कृत्रिम रबराचा एक प्रकार) मागा. ते कडाक्यातही मऊ राहतं, साधं व्हिनाइल कडक होऊन उचलतं. त्यावर सिलिकॉनचा फवारा मारून ठेवला की बर्फाने जमिनीला चिकटत नाही.

आतल्या फोमबद्दल : पॉलियुरेथेन, म्हणजे फ्रिजच्या भिंतीत असतो तोच, एका इंचाला सुमारे आर-६ देतो, थर्माकोल आर-४ च्या आसपास. पत्रा, फोम, पत्रा असं तिहेरी दार घ्या आणि विक्रेत्याला पॅनलची कड उघडी दाखवायला सांगा. आतला आणि बाहेरचा पत्रा तिथे एकमेकांना भिडत असतील तर थंडी लोखंडातून सरळ आत येते. मध्ये प्लास्टिक किंवा रबराची पट्टी हवीच. दाराला काच हवी असेल तर दुहेरी.

आता माझं खरं दुखणं. आमची जमीन गार राहिली ती दारामुळे नव्हेच. गॅरेजचं छत उघडलं तर तुळयांमधलं इन्सुलेशन खाली लोंबत होतं आणि त्याच्या वरून वारा वाहत होता. ते जमिनीच्या फळ्यांना भिडवून बसवलं, कडेच्या फटी बुजवल्या, आणि दोन दिवसांत फरक पडला. दाराची ऑर्डर देण्याआधी तुमचं छत एकदा उघडून बघा.

जुन्या दाराला थर्माकोल लावू नका असं मी सांगेन. उघडा थर्माकोल पेट घेतो, आणि खाली पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात. शिवाय दाराच्या स्प्रिंगा आहे त्या वजनाला जुळवलेल्या असतात, वजन वाढलं की मोटरवर ताण येतो. मोटर सोडवून दार अर्ध्यावर उचला. ते तिथेच थांबलं पाहिजे, खाली घसरलं तर कारागिराला बोलवा. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, तिच्यातल्या ताणाने हाडं मोडतात.

आणि एक, हे मी हात जोडून सांगते. दार घट्ट बसलं की गाडीचा धूरही आत कोंडतो. सकाळी गाडी गरम करायची तर ती आधी बाहेर काढा, दार उघडं ठेवून आत चालू ठेवणंसुद्धा नको. मुलीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवं दार बसायच्या आधीच लावा.