मुक्ती कशातून, स्वातंत्र्य कशाचे?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘इमॅन्सिपेशन’ आणि ‘फ्रीडम’ या दोन्हींना ‘स्वातंत्र्य’ म्हटले तर चालेल का? आणि ‘आज त्यांच्यासाठी खरे स्वातंत्र्य म्हणजे काय’ ही वाक्यरचना बरोबर आहे का?

‘फ्रीडम’ला ‘स्वातंत्र्य’ खुशाल वापरा. ‘इमॅन्सिपेशन’ला मात्र ‘दास्यमुक्ती’च हवे. फरक विभक्तीत दिसतो. ‘मुक्त’ म्हटले की ‘कशापासून, कशातून’ हा प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा मुक्त करणाराही कोणी असतो. ‘स्वातंत्र्य’ विचारते ‘कशाचे’: बोलण्याचे, फिरण्याचे, जमीन घेण्याचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेत गुलामांना दास्यत्वापासून ‘मुक्त’ करण्याचाच उल्लेख आहे. दीडशे वर्षांपूर्वी मराठीने निवडलेला हा नेमका शब्द आज सोडायचे कारण नाही.

‘१८६३ साली अमेरिकेतील गुलाम स्वतंत्र झाले’ हे वाक्य वारंवार दिसते. त्यात शब्दही चुकतो आणि तथ्यही. १ जानेवारी १८६३ची राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची दास्यमुक्तीची घोषणा यादवी युद्धातील बंडखोर राज्यांच्या ताब्यातील भागापुरती होती. बंडात नसलेल्या केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायद्याने टिकली ती डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत.

टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे १९ जून १८६५ रोजी केंद्राच्या सैन्यातील जनरल ग्रेंजर यांच्या नावे निघालेला तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम तर जवळून वाचण्यासारखा आहे. सर्व गुलाम मुक्त आहेत, असे तो सांगतो; व्यक्तिगत आणि मालमत्तेच्या हक्कांत पूर्ण समानताही देतो. लगेच पुढे बजावतो: आहात त्याच घरी शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर जमू दिले जाणार नाही, रिकामे बसून कोणी पोसणार नाही. मालकाचा धनी झाला, गुलामाचा मजूर झाला, वाडी तीच राहिली. ‘स्वतंत्र’ म्हणजे ज्याचे तंत्र, म्हणजे कारभार, स्वतःच्या हाती. या हुकुमाने माणसे मुक्त झाली. त्यांना स्वतंत्र म्हणायला मन धजत नाही.

‘मोकळीक’ मात्र इथे कुठेच वापरू नका. मोकळीक वरचा देतो आणि वरचाच काढून घेतो. ‘कृष्णवर्णीयांना मतदानाची मोकळीक मिळाली’ म्हटले की हक्काची परवानगी होते. मतदानाला ‘हक्क’ म्हणा, आणि तो निर्धोकपणे बजावता येण्याला ‘स्वातंत्र्य’. ही दोन वेगळी आहेत. १९६५च्या मतदान हक्क कायद्याने ठरावीक राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वमंजुरी बंधनकारक केली होती. ती राज्ये ठरवण्याचे सूत्रच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केले आणि पूर्वमंजुरी थांबली. हक्क कागदावर तसाच राहिला, त्याची राखण सैल झाली.

सर्वांत मोठी फसगत तेराव्या दुरुस्तीच्या भाषांतरात होते. तिने गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी बंद केली, पण गुन्हा सिद्ध झाल्यावरची शिक्षा अपवाद ठेवली. या चाकरीला मराठीत ‘सक्तमजुरी’ म्हटले की घोटाळा होतो, कारण आपल्या कानाला ती न्यायालयाची नेहमीची शिक्षा वाटते आणि अपवादाची धार निघून जाते. ‘वेठबिगार’ लिहा. या अपवादाच्या आधारे दक्षिणेतील राज्ये कैदी भाड्याने देत. क्षुल्लक आरोपांवर पकडलेल्या कृष्णवर्णीयांना खाणींत आणि शेतांत राबवले जाई. अलाबामात हे १९२८पर्यंत चालले. त्या राज्याच्या घटनेतील असाच अपवाद मतदारांनी काढला तो २०२२ मध्ये. देशाच्या घटनेत तो अजून आहे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: वाक्य व्याकरणाने बरोबर, पण अर्धे आहे. ‘खरे’ हे विशेषण काढा आणि ‘कशापासून’ किंवा ‘कशाचे’ ते भरा. वेठीपासून मुक्ती, हवे तिथे घर घेण्याचे स्वातंत्र्य, पोलिसाने गाडी थांबवली तरी जिवाची धास्ती न बाळगता बोलण्याचे स्वातंत्र्य. असे लिहिले की वाचकाला नेमके काय अडले आहे ते कळते.

‘फ्रीडमेन’, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेली माणसे, यासाठी ‘पूर्वाश्रमीचे गुलाम’ नको. पूर्वाश्रम संन्याशाचा असतो. ‘दास्यमुक्त स्त्री-पुरुष’ चांगले. गॅल्व्हेस्टनच्या हुकुमाची आठवण म्हणून अमेरिकेत असलेल्या १९ जूनच्या सुट्टीच्या अधिकृत नावात २०२१ पासून ‘स्वातंत्र्यदिन’ अशा अर्थाचाच शब्द आहे, तेव्हा नाव देताना तो ठेवा, पण त्या दिवशी काय घडले हे सांगताना ‘दास्यमुक्ती’ लिहा. शुद्धलेखन: समासात आधी आला तर ‘मुक्ति’ ऱ्हस्व, जसे मुक्तिघोषणा, मुक्तिसंग्राम, शेवटी आला तर दीर्घ, जसे दास्यमुक्ती.