ट्रेलरचं वेल्डिंग थांबवा, आधी फॉर्म २२ बघा

चौघांचं विंडसर्फिंगचं (म्हणजे शिड लावलेल्या बोर्डवरून पाण्यावर सरकण्याचं) सामान, चिपळूणहून गुहागर आणि कधीमधी मालवण, ते न्यायला कारमागे ओढायचा ट्रेलर हवा, आणि ओळखीचा फॅब्रिकेटर "आठवड्यात बनवून देतो" म्हणतोय. ही तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. त्याला आजच फोन करून थांबवा.

दोघांचंच सामान असतं तर ट्रेलरच्या नादाला लागूच नका म्हटलं असतं, छतावरचं कॅरियर पुरतं. चौघांना ट्रेलर ठीक आहे. जोडणीचे हुक, बॉल, साखळ्या, दिव्यांची वायर हे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

खरी मेख कागदात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच, म्हणजे आरटीओत त्याची वेगळी नोंदणी. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विक्रीचा दाखला फॉर्म २१ आणि उत्पादकाने दिलेला फॉर्म २२, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला. फॅब्रिकेटरचं काम कितीही देखणं असो, त्याची पावती ही गेट-ग्रिलचीच पावती. एका आरटीओ कार्यालयात (नाव-गाव विचारू नका) पहिल्या खिडकीवर उत्तर मिळालं, "ट्रॅक्टरची ट्रॉली ना? सातबारा आणा." दुसऱ्या खिडकीवर, "आधी बनवून आणा, मग बघू." बनवून नेल्यावर, "हे बनवायला सांगितलं कोणी?" तिन्ही उत्तरं तोंडी, कागदावर एक ओळ नाही. बाहेरचा एजंट म्हणतो, चालवा तसाच, कोण विचारतंय! विचारतात हो. अपघात झाला की सर्वांत आधी विमा कंपनीच विचारते. असा बिनकागदाचा ट्रेलर शेवटी भंगाराच्या भावानेच जातो.

म्हणून मंजुरी असलेल्या उत्पादकाकडून, चासी नंबर ठोकलेला आणि फॉर्म २१-२२ सोबत असलेला मोकळा सांगाडाच घ्या. वरची पेटी स्थानिक माणसाकडून करा, पण बोल्टने बसणारी आणि काढता येणारी. वेल्ड केलीत तर वाहनात फेरफार केल्याचा नवा वाद. पैसे देण्याआधी कार्यालयाला लेखी विचारा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. गाडीच्या विमा पॉलिसीतही ट्रेलरची नोंद करून घ्या. मी वकील नाही, आणि प्रत्येक कार्यालयाची तऱ्हा निराळी, तेव्हा हा शेवटचा शब्द समजू नका.

सांगाडा निवडताना स्प्रिंग बघा. आपल्याकडे "मजबूत" म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे, एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग. एक टनाचे पाटे सामानासकट ३०० किलोच्या ट्रेलरखाली वाकतच नाहीत. प्रत्येक खड्डा थेट बोर्डात जातो आणि कडेला केसासारखी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आतल्या फोममध्ये शिरलं की बोर्ड जड होत जातो. तुमचे चार संच सगळे धरून ८० किलोच्या आसपास, त्याच हिशेबाने पाटे कमी करून घ्या. ट्रेलर गाडीला जोडायच्या टोकाखाली घरचा वजनकाटा ठेवा. भरलेल्या वजनाच्या ७ ते १० टक्के, म्हणजे २०-३० किलो तिथे यायला हवेत. कमी आलं तर ट्रेलर उतारावर मागून डोलायला लागतो. जड सामान पुढे सरकवा.

गंज बाहेरून दिसतो त्याच्या आधी पाइपाच्या आत लागलेला असतो. पेटीची चौकट कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून मगच हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणं. पाइपाला टोकांशी भोकं हवीतच, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन वितळलेल्या जस्तात पाइप फुटतो. तीच भोकं पुढे खारं पाणी बाहेर काढतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणून वर वेल्डिंग करू नका. सांध्यावरचं जस्त जळतं, आणि तो धूर वाईट.

पेटी आतून २.७ मीटर लांब, १.२ रुंद पुरे. ४६० सेंटिमीटरच्या मास्टचा (शिडाच्या डोलकाठीचा) अर्धा तुकडा २.३ मीटरचा, त्यातच सगळं आलं. बोर्ड फिन (खालचं पातं) काढून कडेवर उभे, खाली जाड फोम, प्रत्येकाला २५ सेंटिमीटर. मास्टसाठी ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, तळाला भोकं पाडून. किनाऱ्यावरच मास्टचे दोन तुकडे वेगळे करा. वाळू अडकून एकदा सांधा धरला की दोघांनी ओढूनही सुटत नाही. पेटीला पांढरा रंग आणि पुढे-मागे जाळीचे झरोके हवेत. एप्रिलमध्ये बंद पत्र्याखाली बोर्डमधली हवा फुगून थर सुटतात. बोर्डला हाताने फिरवायचा व्हेंट स्क्रू (आतली हवा सोडायचा) असेल तर प्रवासात सैल, पाण्यात जाण्याआधी घट्ट.

मालवणच्या वाटेवर तवसाळहून जयगडला फेरीबोटीने जाणार असाल तर ट्रेलरचा मागचा भाग लांब ठेवू नका. ओहोटीला बोटीत चढायचा उतार तीव्र होतो आणि शेपूट जमिनीला घासते. वाळूत गाडी उतरवायची नाही, सुरूच्या बनातच थांबा.

पावसाळ्यात ट्रेलर जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायर बसत नाहीत. शिडं मात्र गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरात. पेटीत ठेवलीत तर उंदीर घडीच्या आरपार कुरतडतात, आणि एका कुरतडण्यात सहा-सात भोकं पडतात.